खांद्यावरची नोट

उकडलेल्या अळकुडीची साल अंगठ्याने ओढता ओढता तोआकासेने वर पाहिलं, आणि समोरच्या चादरीवर तिला स्वतःचा हात दिसला.

दरवाज्याएवढा हात. गॅरेजचं शटर ओढून अंधार केलेला, भिंतीला ठोकलेल्या चादरीवर तिच्या भाच्याच्या, फेलेतीच्या गाण्याचा व्हिडिओ चालू होता. तेलाने चकाकणारा एक उघडा खांदा, थोडी पाठ, मानेची सुरुवात. डोकं नाही, कारण चित्र तिथेच संपत होतं. डावीकडून हात आला, त्याने खांद्यावर एक नोट ठेवली आणि तळव्याने दाबून बसवली. लगेच चित्र बदललं. कातडी खुर्चीत रेललेला एक जाडजूड माणूस, बोटांत अंगठ्या, हसतोय. पुन्हा खांदा. पुन्हा हात. आणि त्यावर फेलेतीचा घोगरा आवाज:

नाव नको सांगूस, वळून दाव,
माझ्या नोटेला ठाऊक तुझा भाव.

"म्हाताऱ्याचा पंजा बघ," मागून कुणीतरी म्हणालं. "नोट चिकटवतोय की भिंतीला गिलावा करतोय?"

"आजोबा, हळू. पाठीत वाक येईल तुमच्या."

गॅरेजभर हसू फुटलं. तोआकासेही हसली. घरी पाहुणे आलेले आहेत, सगळे हसतायत, तर घरच्या बाईने गप्प बसून कसं चालेल. हसतानाच तिने मांडीवरचा आपला उजवा हात उलटा केला आणि अळकुडीच्या चिकाने भरलेली करंगळी पाहिली. रुग्णालयांचे कपडे धुणाऱ्या कारखान्यात ती ट्रॉलीत सापडली होती. तेव्हापासून बाकीच्या बोटांवर रुसल्यासारखी बाहेर वळलेली असायची. चादरीवरची करंगळीही तशीच रुसलेली होती.

म्हणजे खांदा लुपेचा.

गेल्या वर्षी आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला फेलेतीची बहीण लुपे नाचली होती. आदल्या दिवशी तोआकासेने तिच्या दंडांत बांधायला पानांचे पट्टे विणले आणि सकाळी खांद्यापासून घोट्यापर्यंत खोबऱ्याचं तेल चोळलं. तेल लावतात ते नोट चिकटावी म्हणून. मुलगी नाचत असते, आजी, मावश्या, काका एकेक करून पुढे येतात आणि तिच्या अंगावर नोट बसवतात. नंतर तो पैसा मुलीकडे राहतही नाही, चर्चला जातो नाहीतर लग्नघराला. नोट बसवायची ती डोकं खाली घालून, मोठ्या माणसाच्या पायाला हात लावावा तशी. आणि तेल कातडीत न मुरता वर चमकत राहिलं की बायका एकमेकींना कोपर मारतात. चांगल्या मुलीच्याच अंगावर तेल असं चमकतं, हे तोआकासेने आपल्या आईकडून ऐकलं होतं आणि पुढे कितीतरी जणींना सांगितलं होतं. त्या दिवशी लुपेच्या खांद्यावर तेल असं चमकत होतं की पहिली नोट तिने स्वतःच जाऊन बसवली.

"कसं वाटलं, आंटी?" दिवा लागल्यावर लॉकलनने विचारलं. व्हिडिओ त्याने केला होता. भला मुलगा, ताटात वाढलेलं सगळं संपवणारा. "तो हाताचा शॉट सगळ्यांना आवडलाय. ज्याला दाखवतो तो त्यावरच बोलतो."

"मोठा दिसतो," तोआकासे म्हणाली आणि सालांची पाटी उचलून आत गेली.

लुपे स्वयंपाकघरात ग्लास विसळत होती. भाऊ जिथे मित्र घेऊन बसलाय तिथे बहिणीने जायचा प्रश्नच नव्हता. बेटावरून येऊन माउंट ड्रुइटमध्ये राहिलेल्या कितीतरी घरांत हे आता सैल झालंय, पण तोआकासेच्या घरात भाऊ-बहीण एका खोलीत बसून सिनेमा बघत नसत. पडद्यावर कुणी कुणाला जवळ घेतलं तर दोघांतल्या कुणी आधी उठायचं, ही पंचाईतच नको. बहीण नाचायला उभी राहिली की फेलेती बाहेर गाड्यांपाशी जाऊन उभा राहायचा, त्याचा बाप राहायचा तसाच. बाप वारला, आई बेटावर आपल्या म्हाताऱ्या आईकडे परतली, तेव्हापासून ही दोन मुलं तोआकासेकडेच होती.

भिंतीपलीकडे गाणं पुन्हा लागलं. ओट्यावर उपडे घातलेले ग्लास त्या तालावर एकमेकांना लागू लागले.

"पाणी बंद कर," तोआकासे म्हणाली.

लुपेने नळ बंद केला आणि एकदाच तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"बघितलंस तर."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"त्यातला तुकडा फिरतोय ना फोनवर. नर्सिंगच्या वर्गातल्या पोरींनी दाखवला. मी आहे हे त्यांना कळलं नाही. विचारत होत्या, तुमच्यात खरंच मुलींना असं करतात का."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मला नाही माहीत."

तोआकासेने पाटी खाली ठेवली. "फेलेतीला कळलंय?"

"कुठून कळणार? त्याने माझे खांदे कधी बघितलेत?" लुपेने हे तक्रारीने म्हटलं नाही. त्यांच्या घरात भावाचं याहून मोठं कौतुक होत नसे.

"मग मी सांगते त्याला."

"नको." लुपेने फडक्याला दोन्ही हातांनी पीळ दिला. "डोकं नाहीये ना त्यात, आत्या. डोकं नाही म्हणजे मी नाहीच. राहू दे."

"पुढच्या शुक्रवारी अख्खा व्हिडिओ बाहेर पडणार. रविवारी चर्चमध्ये त्या सगळ्याजणी भेटणार. माझी करंगळी ओळखत नाही अशी एक तरी आहे का तिथे? हात माझा तर खांदा कुणाचा, हे काय त्यांना समजावून सांगावं लागेल?"

लुपेने ओट्यावरचे ग्लास एकमेकांपासून दूर सरकवले.

"पाद्रीबाई परवाच म्हणत होत्या, लहान मुलींना नाच शिकवायला लुपेच हवी. त्या एकदा हे बघतील आणि मग तुझ्याकडे बघतील."

"बघू देत. तू सांगितलंस तर हा मला पुन्हा तोंड दाखवणार नाही." तिने फडकं दोरीवर टाकलं, कडा नीट जुळवल्या. "एकच भाऊ आहे मला."

पाहुणे गेले. फेलेती खुर्च्या एकात एक घालत होता. तोआकासे अळूच्या पानात बांधलेलं मटण त्याच्यासाठी झाकून घेऊन आली, पण ताट त्याच्या हातात न देता खुर्चीवर ठेवलं.

"ते खांद्याचं काढून टाक," ती म्हणाली.

त्यांच्यात बापाची बहीण सगळ्यांच्या वर. पहिलं ताट तिचं, शेवटचा शब्द तिचा. तिने भाच्याच्या अंगावरचा शर्ट मागितला तर त्याने बटणं सोडतच यायचं. म्हणून फेलेतीने नाही म्हटलं नाही. त्याने मान खाजवली.

"आत्या, तुला हे विचित्र वाटणारच. पण गाण्यांत असंच असतं सगळीकडे. बाई अशी, माणूस तसा. लोकांना तेच लागतं."

"कुठली मुलगी ती?"

"कुणी नाही गं. कुठून तरी घेतली असेल त्याने."

"कुठून?"

"मला काय माहीत. तयार तुकडे मिळतात विकत. मी त्याला आपलं सामान दिलं होतं खरं, आजीच्या वाढदिवसाचं अख्खं शूटिंग. म्हटलं ढोल घे, डुकरं भाजतायत ते घे, काकांचे चाळे घे. आपलं काहीतरी दिसू दे म्हटलं. तर त्याने बघ, सुरुवातीला ढोल घेतलाय नुसता." त्याला याचं वाईट वाटलेलं दिसत होतं.

"अख्खं दिलंस? आधी बघितलंस?"

"सगळं नाही बघितलं. मधलं..." तो थांबला. मधलं म्हणजे बहिणीचा नाच, तो कसा बघणार, हे त्या घरात बोलून दाखवायची गरज नव्हती. "मधलं पुढे ढकललं."

"लाव परत."

"आत्या, तुझ्यासमोर..."

"लाव म्हटलं ना."

त्याने लावलं. आत्याच्या शेजारी उभं राहून आपलंच गाणं ऐकताना त्याचे कान लाल झाले. 'वळून दाव'ला तो खोकला. हात खांद्यावर आला तशी तोआकासे म्हणाली, "थांबव."

ती चादरीपाशी गेली. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या अंगावर पडला, अर्धा खांदा तिच्या झग्यावर आला. तिने आपला उजवा हात वर केला आणि त्या दरवाज्याएवढ्या हाताच्या बाजूला चादरीवर टेकवला. बोटाला बोट. करंगळीला करंगळी.

सांगणार नाही असं तिने लुपेला कबूल केलं नव्हतं. तरी एक शब्द बोलायचा नाही, एवढं तिने मनाशी ठरवलं होतं.

फेलेती आधी हसला. "अरे, हा तर तुझा..." मग त्याचे डोळे त्या हातावरून खांद्याकडे सरकले. निम्म्या वाटेवर थांबले. त्याने मान इतक्या झटक्याने फिरवली की एकावर एक रचलेल्या खुर्च्या कोसळल्या.

चित्र चादरीवर तसंच राहिलं. ते बंद करायला पडद्याकडे वळावं लागणार होतं, आणि त्याला वळता येईना. चाचपडत त्याने शटर गुडघ्याएवढं उचललं, खालून वाकून बाहेर गेला आणि रस्त्यावर उभ्या गाड्यांपाशी जाऊन थांबला.

वायर तोआकासेने ओढली. मटण तिने कुत्र्याला घातलं.

त्यानंतर फेलेती घरी जेवला नाही. मित्राकडे झोपू लागला. लुपे क्लासला गेली की यायचा, कपडे घ्यायचा, जायचा. पूर्वी तिच्यासाठी फ्रीजवर बिस्किटांचा पुडा ठेवायचा, काही न बोलता, तो ठेवेनासा झाला.

"तू सांगितलंस," लुपे म्हणाली.

"मी एक शब्द बोलले नाही."

"हो ना," लुपे म्हणाली. "शब्द इथे कुणीच बोलत नाही."

बुधवारी तो दारात आला आणि चप्पल न काढता विचारलं, "ती घरात आहे?"

"नाही. ये."

आला, पण बसला नाही. जमिनीकडे बघत बोलला. लॉकलनला त्याने सांगितलं होतं की तो तुकडा घरातला आहे, वापरता येणार नाही. लॉकलनने खूपदा माफी मागितली होती. मग म्हणाला होता की हरकत नाही, तसाच दुसरा घेऊ, मुलगी बघतो. मुलगी मिळालीही.

"म्हणजे आपलं सगळं जाईल?"

"सगळं. मी समोर बसून पुसून घेईन. फोनवर फिरतंय तेही काढायला लावीन. नाही दिसणार परत." तो घुटमळला. "फक्त हात मिळत नाहीये."

"कसला हात?"

"तो. दोघाचौघा पुरुषांचे लावून बघितले. खोटे वाटतात म्हणतो. नोट ठेवतात आणि लाजतात." त्याच्या ओठाचा कोपरा हलला, लगेच मिटला. "तू नाही म्हणालीस तरी चालेल, आत्या. मग गाणंच टाकून देऊ. दोन वर्षं गेलीत तर जाऊ देत."

हे तो खरंच म्हणत होता. तोआकासेला ते दिसलं. एका आठवड्यात त्याचे गाल बसले होते, शर्टला कुणाच्या तरी घरच्या साबणाचा वास येत होता. भावाने मरताना दोन मुलं हातात दिली होती. त्यातल्या एकाचं आता गाणं जाईल आणि एकीचा भाऊ गेलाच होता.

"करंगळी दिसता कामा नये," ती म्हणाली.

"नाही दिसणार."

"आणि आपलं आधी पुसायचं. मग मी हात लावणार."

"हो."

याशिवाय तिसरी अट घालायचं त्या खोलीत कुणालाच सुचलं नाही.

ब्लॅकटाउनच्या एका गोदामात भरदुपारी दिवे लावले होते. लॉकलनने तिला आपला लॅपटॉप दाखवला, पुसल्याची खात्री करून दिली, खुर्ची आणून दिली. मुलगी टॉवेल गुंडाळून बाकावर बसली होती. लुपेच्याच वयाची. गोदामाच्या गारठ्याने तिच्या दंडांवर काटा आला होता.

"नाव काय तुझं?"

"क्रिस्टेल. तुम्ही म्हणजे हात?" ती हसली. "मला वाटलं कुणीतरी टक्कल पडलेला काका असणार. बरं झालं मावशी, तुम्हीच आहात."

"जेवलीस?"

"पोट दिसतं जेवल्यावर. झालं की खाईन. आई मनिलाहून आली तेव्हापासून एकच धोशा, खा, खा. तिला सांगितलंय, शाम्पूची जाहिरात आहे." तिने केस वर बांधले. "नाहीतरी तोंड दिसणार नाहीये म्हणा. तिला काय कळतंय."

"तिचं तोंड येऊ देऊ नकोस रे," फेलेती लॉकलनला म्हणाला. तो कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला, त्याला जोडलेल्या छोट्या पडद्यासमोर पाय फाकवून उभा होता. नजर वर, सरळ. आज त्याला बाहेर गाड्यांपाशी जायचं कारण नव्हतं.

क्रिस्टेलने टॉवेल उतरवला. कुणीतरी बाटलीतून काहीतरी फवारलं. तोआकासेने करंगळी तळव्यात मुडपली आणि नोट ठेवली. नोट घसरून खाली पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. मुलीने ती पायाच्या बोटांनी उचलून दिली आणि स्वतःच हसली.

"चिकटत नाहीये," लॉकलन म्हणाला. "मागून टेप लावू या का?"

टेप. तोआकासेला ते सोसवेना. तिच्या हातून आजवर कधी नोट पडली नव्हती. ते आपल्याला सोसवत नाहीये हे कळायच्या आत तिने पर्स उघडून स्वतःची तेलाची बाटली काढली होती. ती सोबत का आणली, हे घरून निघताना तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

तिने तळव्यावर तेल घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर चोळून ऊब आणली आणि मुलीच्या मानेखाली हात ठेवला. खांद्यावरून खाली, दंडावर, पुन्हा वर, लुपेला लावलं होतं तसं. दुसरं कसं लावायचं हे तिला येतच नव्हतं. हळूहळू काटा मावळला. मुलीने डोळे मिटले.

"किती छान वास येतोय, मावशी. झोप येईल मला."

तेल मुरलं नाही. कातडीवर वरच्या वर राहिलं, दिव्यात चमकू लागलं. लुपेच्या खांद्यावर चमकलं होतं तसंच. तोआकासेने अंगठ्याने एकदा पुसून पाहिलं. पुन्हा चमकलं.

दिवे फार आहेत इथे, तिने मनाशी म्हटलं.

"बस, हीच चमक," पडद्यामागून लॉकलन म्हणाला. "कुणी हलू नका. आंटी, घ्या."

फेलेतीने गाणं लावलं. तोआकासेने नोट उचलली. सवयीने तिची मान खाली जाऊ लागली, ती तिने सावरली. मान कॅमेऱ्यात यायची नव्हती.

"मावशी," मुलीने ओठ न हलवता हळूच विचारलं, "हे तुमच्यातलं आहे ना? याचा अर्थ काय असतो?"

तोआकासेने करंगळी आणखी आत ओढून घेतली.

"काही नसतो," ती म्हणाली. "तेल असतं, म्हणून चिकटते."

आणि तिने नोट दाबून बसवली.